करडू आणि दळण

४ मे १९९६, शनिवार
शुगर फॅक्टरीचा सीझन संपला, रजा सुरू. नगरहून आमच्या प्रज्ञाला टीव्ही गेम आणली. परवा दुधाचं पातेलं सांडल्याचं तिने आपण होऊन सांगितलं, त्या खरेपणाचं बक्षीस. मागे तिला करडाचा कार्टून पिक्चर दाखवला होता, त्याचीच गेम. हरवलेलं करडू कडेकपाऱ्यांवरून उड्या मारत आईकडे जातं. मी फक्त वायरी जोडल्या. खेळणं पोरांचं, आपण लांबून बघायचं.

६ मे
प्रज्ञा शिवणक्लासला गेल्यावर गेम जरा चेक केली. वस्तू नवीन, चेक करायला नको? प्रज्ञाच्या आईने, जयमालाने, दोनदा रेशनची आठवण करून दिली. पण करडू ऐन कड्यावर, सोडून कसं जाणार? रेशन राहिलं.

९ मे
अंगठ्याला फोड. जयमालाला सांगितलं, सायकलची चेन लागली. प्रज्ञाने काही न विचारता खोबरेल लावून दिलं. फार वाईट वाटलं. उद्यापासून हात लावायचा नाही. नक्की.

१२ मे, दुपार
सकाळपासून खेळून प्रज्ञा शेवटच्या डोंगरावर पोचली. धबधब्यापलीकडे करडाची आई उभी! मी अजून तिथवर गेलेलो नाही. तेवढ्यात जयमालाने तिला दळणाला पिटाळलं. गेम बंद केली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून ती पॉज करून गेली. जाताना म्हणाली, बाबा, हात लावू नका हं, आईपाशी मीच नेणार. छे! मी कशाला लावतोय?

थोड्या वेळाने
लावला. त्या उडीला ती घाबरते, तेवढी मारून द्यावी म्हणून. करडू धबधब्यात. शेवटचाच चान्स होता, हे तिने सांगायला नको? 'गेम ओव्हर' ही अक्षरं बघवेनात, मेन स्विच पाडून परत लावला. ती आल्यावर म्हटलं, लाईट गेली होती. तिने पिठाचा डबा माझ्या हातात दिला. चांगलाच गरम होता.

संध्याकाळ
भाकरी थापताना जयमालाने विचारलंच, लाईट गेल्ती म्हनता, मग गिरनी कशी चालू हुती? मी भाकरी कुस्करायला घेतली. प्रज्ञा म्हणाली, आई, माझं दळण झाल्यावर गेली.
पोर खोटं बोलली. माझ्यासाठी.
जेवल्यावर तिने पहिल्या डोंगरापासून गेम लावली आणि रिमोट माझ्यापुढे धरला. म्हणाली, बाबा, तुम्हीच खेळा.
नको म्हटलं, अंगठा दुखतोय. दुखत नव्हता.