गाय नसलेलं घर

आई, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. शनिवार पेठेत अजून मला बाळंतपणाला बोलावतात ते तुझी लेक म्हणून. सरदारांच्या घरून तुला मेणा यायचा आणि मी मागून पायी. नाळ कापलीस की तू घरच्या गाईचं ताजं शेण मागवायचीस आणि बाळाच्या बेंबीवर थापायचीस. सातव्या दिवशी कुठल्या ना कुठल्या घरून निरोप यायचाच. आपण जातो तर बाळ दूध ओढत नाही, जबडा घट्ट मिटलेला, अंग ताठ. तू पदराने डोळे पुसतेस आणि म्हणतेस, "सटवाई कोपली." बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

बिबवेवाडीच्या वाटेवरच्या एका मोलकरणीच्या खोपटात गाय नव्हती. शेजारणीनेही शेण दिलं नाही. बेंबी कोरडीच राहिली आणि पोर जगली. मग मी लक्ष ठेवायला लागले. गाय नसलेल्या घरांतली मुलं बरीचशी सातवा दिवस ओलांडत होती, गोठेवाल्यांची जात होती. नदीवर धुणं धुताना भीत भीत तुला सांगितलं. तू पिळा आपटत म्हणालीस, "चार पोरं जगली तर मला शिकवायला निघालीस? तुझ्या बेंबीला काय चंदन लावलं होतं?" खरं सांगते, मला बरंच वाटलं. तुझं बरोबर असेल तर मेलेल्या मुलांचा विचार करायला नको.

गेल्या वर्षी माझी लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. विहीणबाई आपल्या गाईचं शेण पानात बांधून घेऊन हजर. मी जरा थांबले तर म्हणाल्या, "अहो, तुमच्या आईंचीच रीत ना ही? की आता तुम्हांला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?" बायका बघत होत्या. सगळं माहीत असून मी शेण लावलं, आई. मुलगा होता. सातव्या दिवशी त्याचं तोंड उघडेना. मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजत राहिले, ते ओठांवरून ओघळत राहिलं.

लेकीने विचारलं, "आई, मी चिंच खाल्ली म्हणून झालं का गं?" मी म्हणाले, "असेल." तेव्हापासून ती आंबटाला शिवत नाही. आता तिला पुन्हा दिवस गेलेत आणि विहीणबाईंची गाय ठणठणीत आहे. या खेपेला मी नाही म्हणेन का? मला माझाच भरवसा वाटत नाही.

हे पत्र कुठे धाडणार? सांगायचं तर ते लेकीला. ती इथेच ओसरीवर बसली आहे, चार पावलांवर. तुला लिहिते आहे ते एवढ्याचसाठी, की तू उलट काही विचारणार नाहीस.