या ढिगाचं त्या ढिगाशी

३ नोव्हेंबर, मंगळवार

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर इकडे सगळं जागेवर आहे.

वर्कशॉपात माझ्या हातचं काय काय, ते काल लिहून काढलं. कामाचं टेबल, त्याचे अठरा खण, ड्रिलचा स्टँड, धार लावायचं पायचाक, पत्र्याचा दिवा. कुठल्या शाळेत न शिकता. शेवटची ओळ होती : नट-बोल्ट जुळवायची पद्धत. ती खोडली.

ते जुनं छपाईयंत्र खोललं होतं, आठवतं? शंभर बोल्ट, शंभर नट, सगळ्यांचे आटे हाताने पाडलेले, एकाचं माप दुसऱ्याला नाही. आणि मी शहाण्याने सगळे एकाच रॉकेलच्या डब्यात टाकलेले. एकेक बोल्ट घेऊन दिसेल तो नट लावून बघत बसलो. दहा जोड्यांना फार तर पंचेचाळीस वेळा. शंभरांना चार हजार नऊशे पन्नास. जोड्या दहापट, खटपट एकशेदहापट!

तू म्हणालीस, "दादा, प्रत्येकाची प्रत्येकाशी मुलाखत कशाला?" एक बोल्ट उचललास. त्यावर सैल घोळणारे नट डावीकडे, न शिरणारे उजवीकडे. नेमका बसला त्या नटाने बोल्टही वाटलेस : जाडे डावीकडे, बारके उजवीकडे. "झालं. या ढिगाचं त्या ढिगाशी आता बोलणं बंद." मग प्रत्येक ढिगात पुन्हा तेच. तेराशेच्या आसपास काम उरकलं. जोड्या दुप्पट झाल्या तर माझ्या रीतीने चौपट, तुझ्या रीतीने दुपटीहून जरासंच जास्त. हे मी नंतर ताडून पाहिलं.

तेव्हा रेडिओ लागलेला असायचा, तू बेसूर गायचीस, मी ओरडायचो. आता कुणी बेसूर गात नाही.

तंत्रशाळेचे मास्तर बघायला आले. "युक्ती कुणाची?" मी म्हणालो, "माझीच." तू शेजारीच हात पुसत होतीस. फडक्याची घडी घालून टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. अकरा वर्षं झाली. फडकं मी धुतलेलं नाही.

तुझं स्टूल डुगडुगत होतं, पाय नीट बसवलाय. येऊन बघ.

तुझा, चुकलेला,
दादा

ता. क. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा माणूस परवा येऊन गेला. ती पद्धत विकत हवी होती, तिच्यावर चालणाऱ्या नव्या यंत्राला माझं नाव देणार होते. सही एकच, "ही पद्धत सर्वस्वी माझी" या ओळीखाली. केली नाही. बाहेरून आकडा वाढवून कानावर येईल, म्हणून बरोबर तो लिहितो : चार लाख साठ हजार.