नातीची राखण

ठमे,

डोळ्यांसमोर आण बघू. एक आजी आपल्या घरात एकटी राहते. शाळा सुटली की तिची नात किल्लीने दार उघडून आत येते आणि दप्तर न काढताच गॅस बंद आहे का, नळ वाहतोय का ते बघते. परवा आजी नळ चालू ठेवून विसरली, तर नातीने गुपचूप सगळी फरशी पुसली. आईने विचारल्यावर म्हणाली, "मीच सांडलं पाणी," आणि उगाच बोलणी खाल्ली. खालून मैत्रीण हाक मारते, "येतेस का गं?" ही खिडकीतून सांगते, "आज पाय दुखतोय." अगं, पाय दुखायचं वय आजीचं.

आजीला शेवटपर्यंत याच घरात राहायचं होतं. पण त्यासाठी नऊ वर्षांच्या पोरीला राखणीला बसवायचं, हे तिला पटेना. म्हणून आज ती तुझ्या आईबरोबर वृद्धाश्रमातली खोली बघायला गेली आहे. बरी वाटली तर हो म्हणून येईल. पाण्याचं खरं काय ते मी आईला सांगितलंय. तुला कोणी रागावणार नाही.

खाणं टेबलावर झाकून ठेवलंय. गॅस आईनेच बंद केलाय, तो बघायला जाऊ नकोस.

आता गोष्टीचा शेवट ऐक. चिठ्ठी वाचून नात थोडा वेळ रडली. मग तिने तोंड धुतलं, दार ओढून घेतलं आणि ती खाली खेळायला गेली.

आजी