लिंबाने उमटलेली पावलं

३ सप्टें.
काल राम घाटावर गौरी बोळवल्या. नव्या कोटा फरशीवर, दारापासून देवघरापर्यंत, कुंकवाची पावलं तशीच. सासूबाईंनी ओल्या कुंकवात मूठ बुडवून उठवलेली, वर बोटांच्या टोकांचे पाच ठिपके. पाण्याने जाईनात. तांब्याला चालतं ते फरशीला का नको, म्हणून अर्धं लिंबू घेऊन डागाडागावर घासलं. लाल गेलं. मी खूश.

४ सप्टें.
फरशी वाळली आणि पावलं परत हजर. आता पांढुरकी. नितीन डाग बघून तरातरा बाहेर गेला, म्हणजे नवरोबा जास्तच चिडलेत. फरशी बसवणाऱ्या सलीमभाईंना फोन. ते हसले. “भाभीजी, चूने का पत्थर है, खटाई इसको खा जाती है।” एवढा दगड, आणि अर्ध्या लिंबाने... मी चाटच पडले. दिवाळीआधी मशीनने वरचा थर घासून, घिसाई करून देणार.

१९ सप्टें.
सासूबाईंना अर्धांगाचा झटका. वाचल्या, डॉ. म्हणाले हेच खूप. बोलतात, जड. उजवी मूठ मिटत नाही.
संध्याकाळी मी फ्रीगंजच्या हॉस्पिटलातून नानाखेड्याला घरी. दार उघडलं, चप्पल काढली आणि पाय पुढे टाकवेना. समोर सासूबाईंची मूठ, अकरा वेळा. वाकड्या करंगळीसकट. माझ्या चुकीने दगडात राहून गेलेली.

६ ऑक्टो.
सासूबाई घरी आल्या. मी घिसाई नको म्हटलं. नितीनला लगेच पटलं. पटलं नाही ते आईंनाच. “घासून घे. गौर दरवर्षी नवी येते गं. जुन्या पावलांवरनं कशी चालेल ती?”
मग, “पुढच्या गौरीला तुझी मूठ. आवळ बघू.”
आवळली.
“सैल आहे,” म्हणाल्या.

९ ऑक्टो.
सकाळपासून मशीन. पाणी, राखाडी चिखल. सलीमभाईंनी वायपर ओढला आणि खालून निळसर हिरवा दगड वर आला. इतका गार, इतका शांत, की मी बघतच राहिले. म्हणाले, “पानी के नीचे जमा हुआ पत्थर है, परत पे परत। ऊपर की गई तो नीचे वही निकलेगी।” वरचा थर गेला तर खाली तसाच थर.
दहा पावलं गेली. देवघरापुढचं एक उरलंय. मशीन बंद करून त्यांनी विचारलं, “भाभीजी, ये भी?”
आई पलंगावरून माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, आधी चहा घ्या.
आधण ठेवलंय. ओट्यापाशी उभ्याने लिहितेय. डावी मूठ मघापासून आवळलेलीच आहे.