आईने फेडलेला नवस

अल ऐन, शुक्रवार, एप्रिल १९९९

आईच्या ऑपरेशनच्या वेळी नवस बोललो होतो, ती वाचली तर धुळ्याहून सप्तशृंगी गडावर पायी जाईन. ती वाचली. पण इथल्या आखाती कंपनीच्या मॅनेजरने याही चैत्रातल्या यात्रेला रजा दिली नाही. "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला," म्हणाला. पासपोर्ट त्याच्याच कपाटात. काय करणार?

आज घरी फोन लावला तर बहीण रडत होती. माझ्याऐवजी आईच गावच्या लोकांबरोबर अनवाणी चालत गेली. तळपायांना फोड आलेत, पाय टेकवत नाही तिला.

"कशाला गेलीस गं?" आई फोनवर येताच मी ओरडलोच.

"तुझ्यावर देवीचा कोप नको व्हायला, बाबा," आई म्हणाली.

ते फोड डोळ्यांपुढून हलत नाहीत. कोप व्हायचा तर मॅनेजरवर का नाही होत? देवीलाही माझी म्हातारीच सापडली.