मुकादमीणबाईची कॉलर

आक्का, पाया पडते. मी धडधाकट आहे, आईला एवढंच सांग. बाकीचं तुझ्यापुरतं.

हे गेले तेव्हापासून सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळेना. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री मारायची, लॉन्ड्रीनेच दिलेल्या बायांच्या खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. मध्ये तापाने पडले, तेव्हा वाटलं, आता डोळे मिटले तर सुटले.

तेवढ्यात आमची मुकादमीण दारातून कुणाला तरी म्हणाली, "ही काही उठत नाही आता. हिची खाट नव्या बाईला द्या."

अंगाची आग झाली बघ. म्हटलं, मरेन, पण हिच्या सोयीनं नाही मरायची. दुसऱ्या दिवशी तिच्या आधी कामावर हजर. तिचं तोंड बघायला हवं होतंस.

तिचा पांढरा कोट माझ्याकडेच येतो इस्त्रीला. कॉलरला दुप्पट खळ लावते. दिवसभर बाईला मान वळवता येत नाही. बाया तोंड दाबून हसतात. परवा मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

आईचे गुडघे कसे आहेत? आणि तू जेवतेस ना वेळेवर?

माझी काळजी सोड. मुकादमीण रिटायर व्हायला अजून पुष्कळ वर्षं आहेत, तोवर मला काही होत नाही.

तुझीच,
चिवट धाकटी