माकडघरात ओळखलेले दुखणे

आई,

मी तुझा थोरला मुलगा, वय वर्षे सहासष्ट, इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार तालुका दौंड, पुण्यातील एका संशोधन संस्थेच्या माकडघरातून मानाने निवृत्त झालेला कर्मचारी. नाव तूच ठेवलेले आहेस, ते पुन्हा लिहीत नाही. दौंडच्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरील बाकावर बसून लिहीत आहे. आत तुझी नात आहे. तू गेलीस तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता, परंतु तुझे दुखणे तिच्याकडे आलेले आहे.

आपण मेंढरांमागे फिरत होतो, तेव्हा दर महिन्याला तू पालापासून दूर बसायचीस आणि मला तुला शिवण्याची मनाई असे. घोडनदीच्या काठी तू तापवलेला धोंडा फडक्यात गुंडाळून ओटीपोटाखाली घेतला आहेस, पालथी पडली आहेस, मी लांबून हाका मारतो आहे, आणि आजी म्हणते, "गप बस. बाईच्या जातीला ह्ये असायचंच." सकाळी मेंढरे निघाली, तशी तूही निघालीस.

पुढे कित्येक वर्षांनी एक माकडीण तशीच पिंजऱ्याच्या तळाला पोट लावून पडलेली मी पाहिली. भिजवलेल्या हरभऱ्यांना तिने हातही लावला नाही. तेथील डॉक्टरीणबाईंनी मला समजावले, "मामा, याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर बाहेर पोटात रुजतं, दर महिन्याला तिथंच रक्त धरतं, मग आतडी, बीजांडकोश एकमेकांना चिकटतात. उंदरांना पाळी येत नाही, यांना बाईसारखी येते. म्हणून यांच्यात शोधायचं."

"औषध सापडलं का?"

"शोधतोय."

तेव्हा मला तू आठवलीस, आणि हात धुण्याचे निमित्त करून मी बाहेर गेलो.

लेकीची तीच अवस्था शिरूरला तिच्या सासरी पाहिली, तेव्हा हे सर्व मी तेथे बसून सांगितले. विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, माकडं राखून तुमची मती बी तशीच झाली जणू. लेकरू झालं की आपसूक थांबतंय." लेकरू होत नव्हते. मी अडून बसलो. अखेर जावयांनी माझ्या शब्दावर संमती दिली. आज डॉक्टर म्हणाले, आधी दुर्बिणीने पाहू. फार चिकटलेले असेल तर पोट उघडावे लागेल, आणि बीजांडकोश वाचतीलच असे नाही.

आत नेण्यापूर्वी तिने विचारले, "आबा, ती माकडीण बरी झाली का?"

"झाली."

"पिल्लं झाली तिला?"

"झाली की."

"मग मला बी व्हतील," असे म्हणून ती हसली.

आई, ती माकडीण शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली आणि माझ्याकडे परत आला तो रिकामा पिंजरा, धुण्यासाठी. प्रयोगाच्या शेवटी पोट उघडून पाहत, आणि त्यानंतर प्राण्याला जागे करीत नसत. माणसांच्या बाबतीत तसे नसते, हे मला समजते. तरीही आत एखादे भांडे वाजले की मी लिहिणे थांबवून दाराकडे पाहतो. सर्वांना येथवर मीच आणलेले आहे.

मी आयुष्यात कोणापुढे वाकलो नाही. आज इतकेच कबूल करतो की ते दार उघडल्यावर मला उभे राहता येईल की नाही, याची खात्री नाही.

समक्ष हजर: जावई, भिंतीकडे तोंड करून उभे; आणि विहीणबाई, ज्या मघाशी माझ्याशेजारी येऊन बसल्या आहेत. वरील मजकूर यांपैकी कोणासही वाचून दाखवलेला नाही.